नांबोझेची वाट

युगांडाची राजधानी कंपाला ही टेकड्यांवर वसलेली आहे. टेकड्यांवर वस्ती आणि मधल्या खोलगट भागात दलदल, असे तिचे पूर्वीचे रूप. आता शहर इतके वाढले आहे की दलदलीही घरांनी आणि दुकानांनी भरत चालल्या आहेत. अशाच दोन टेकड्यांच्या मधून, नाकिबिराहून बुटेगाकडे, एक नवा चौपदरी रस्ता गेला आहे. काळेभोर डांबर, दोन्ही अंगांना माणूस वाकून जाईल एवढ्या उंचीची गटारे, पायी चालणाऱ्यांना फरसबंद वाट आणि ओळीने दिवे. पाहणाऱ्याने कौतुक करावे असाच तो रस्ता आहे.

पण नवख्या माणसाला नवल वाटते ते निराळेच. बसचा चालक असो, दुचाकीवर प्रवासी नेणारा बोडाबोडावाला असो, की डोक्यावर केळीचा घड घेतलेली बाई असो, रस्त्याच्या मध्यावर आले की जो तो वेग जरा आवरतो आणि "जेबाले!" असे म्हणतो. समोर कोणीही नसते. जेबाले म्हणजे 'फार कष्ट केलेत, शाबास तुमची'. त्या मुलखात काम करताना दिसेल त्याला, मग तो ओळखीचा असो वा नसो, असे म्हणण्याची रीत आहे. मग रिकाम्या रस्त्यात हे कोणाला म्हणायचे?

असे कोणी विचारले की लोक सालोंगो किबिरांगो यांच्याकडे पाठवतात. सालोंगो हा मान आहे. जुळ्यांच्या वडिलांना तिकडे सालोंगो म्हणतात. त्यांनी उभा जन्म याच वाटेवर प्रवासी गाडी हाकली. आता ते मुलीच्या खाणावळीबाहेर बाकावर बसलेले असतात. पाहुण्याला आधी चहा, मग कथा, हा त्यांचा नेम. "चहा गार झाला तरी चालेल, गोष्ट अर्धी सोडून उठायचं नाही," एवढे बजावून ते सुरुवात करतात.

फार पूर्वी, येथे मोटारी तर सोडाच, चाकही आले नव्हते तेव्हाची ही हकीकत. कबाका म्हणजे बुगांडाचा, या मुलखातल्या जुन्या राज्याचा, राजा. त्याचा असा दंडक होता म्हणे, की प्रत्येक सरदाराने आपल्या मुलखापासून राजधानीपर्यंतची वाट नीट राखावी. वाट मोडली तर सरदारकी गेली. नाकिबिरा आणि बुटेगा या दोन टेकड्या मुत्याबा नावाच्या सरदाराकडे होत्या. माणूस कामसू होता, पण त्याच्या नशिबी ही दलदल आली होती. माणसाच्या डोक्यावरून जाणारे लव्हाळे, त्याखाली काळा चिखल. त्यावर शिंदीचे ओंडके आडवे टाकून आणि लव्हाळ्याच्या मोळ्या दाबून तो भराव घाली. पाऊस आला की भराव खचे. पुन्हा ढोल वाजे, पुन्हा दोन्ही टेकड्यांवरची माणसे कुदळी घेऊन उतरत, आणि पुन्हा तेच.

नाकिबिरावर नांबोझे नावाची एक सुईण राहात होती. तिला एकच मुलगी, नांटोंगो. ती समोरच्या बुटेगावर दिली होती. टेकड्या इतक्या जवळ की या अंगणातून हाक मारली तर त्या अंगणात ऐकू जावी. मायलेकी रोज सकाळी अशाच बोलत. नांटोंगोला दिवस गेले तेव्हा नांबोझेने ओरडून सांगितले, "पोटात कळ आली की हाक मार. मी आलेच समज!"

हाक आली ती भर पावसाळ्यात. नांबोझे पिशवी उचलून उतारावरून धावत खाली आली, तर भराव गेलेला. ओंडके पाण्यावर तरंगत होते. ती चिखलात शिरली आणि कमरेइतकी रुतली. लोकांनी तिला ओढून बाहेर काढले. मग ती दलदलीला वळसा घालून, टेकड्यांमागून टेकड्या ओलांडत निघाली. नांटोंगोच्या हाका कितीतरी वेळ तिच्या कानावर येत होत्या. मग त्या थांबल्या.

ती पोचली तेव्हा मुलगी गेलेली होती. पोर जगले होते. ती मुलगी होती. नांबोझेने तिला पाठीशी बांधले आणि आली त्याच लांबच्या वाटेने घरी परतली. असे सांगतात की त्या दिवसानंतर सकाळच्या वेळी ती अंगणात उभी राहिली नाही.

पाऊस सरल्यावर कबाकाचा निरोप आला: येत्या पावसाळ्यात वाट टिकली पाहिजे, नाहीतर दुसरा सरदार नेमला जाईल. मुत्याबा हवालदिल झाला. त्याने देवऋषीला बोलावले. देवऋषीने दलदलीच्या काठी बसून कवड्या टाकल्या, बराच वेळ त्यांच्याकडे पाहिले आणि म्हणाला, "हिला एक जीव हवा आहे. जीव मिळाल्याशिवाय ही वाट धरणार नाही."

आपला माणूस कोण देणार? त्याच सुमारास मोठ्या सरोवराकडून सेंटोंगो नावाचा एक कोळी सुक्या मासळीची पाटी घेऊन राजधानीकडे निघाला होता. त्याचे येथे कोणी नव्हते. मुत्याबाच्या माणसांनी त्याला धरले, दोराने बांधले आणि काठावर आणून बसवले. भरावाच्या तोंडाशी खड्डा खणला. ढोल वाजू लागला. दोन्ही टेकड्यांवरचे लोक गोळा झाले. कोणी कोणाच्या डोळ्याला डोळा भिडवेना. सेंटोंगो ओरडत नव्हता. तो फक्त जवळ येणाऱ्या प्रत्येकाला विचारत होता, "माझी पाटी तरी घरी पोचवाल का?"

एवढ्यात नात पाठीशी बांधलेली नांबोझे गर्दीतून पुढे आली आणि खड्ड्याच्या कडेला उभी राहिली.

"सरदार, ही वाट कोणासाठी बांधताय?" तिने विचारले.

मुत्याबा म्हणाला, "येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी."

"मग हा कोण आहे? येणारा-जाणाराच ना? ज्याच्यासाठी वाट करायची, त्यालाच तिच्यात पुरायचं?"

ढोल थांबला. देवऋषी म्हणाला, "बाई, हे माझ्या मनचं नाही. दलदल जीव मागते आहे."

"मागते ना? मग माझा घ्या," नांबोझे म्हणाली. "पण मेलेला जीव हिला किती पुरेल? माझी पोर गेली. तिच्या जाण्यानं ही दलदल भरली का? मी माझा जीव जिवंतपणी देते. आजपासून मी या भरावावर राहीन. जे खचेल ते भरीन, जे सुटेल ते बांधीन. माझा शेवटचा श्वास जाईल तो इथंच. कुठलीही टेकडी पुन्हा चढणार नाही."

"आणि शब्द मोडलास तर?" देवऋषीने विचारले.

"हा खड्डा बुजवू नका. मोडला तर मला यात घाला."

देवऋषीने पुन्हा कवड्या टाकल्या. त्या कशा पडल्या ते कोणालाच दिसले नाही, कारण त्याने त्या लगेच मुठीत उचलल्या, असे म्हणतात. तो एवढेच बोलला, "तिनं घेतला." आणि त्याने स्वतःच्या हाताने सेंटोंगोची गाठ सोडली.

सरोवराकडे परत जायला मोकळा झालेला तो कोळी दोन पावले गेला आणि मागे वळला. पाटी खाली ठेवून म्हणाला, "आई, पहिला ओंडका कुठं टाकू?"

भरावाच्या मध्यावर नांबोझेची गवती झोपडी उभी राहिली. पाणी अडले की ते भरावाला ढकलते, हे सेंटोंगोला मासे धरण्याच्या कामातून ठाऊक होते. मुत्याबालाही ते पटले, आणि भरावात जागोजागी पाण्याला जायला मोकळ्या खिंडी ठेवून त्यांवर ओंडक्यांचे साकव टाकले. पण खरे काम पुढेच होते. रोज काहीतरी खचे, आणि नांबोझे रोज ते नीट करी. नात तिच्या पाठीवर वाढली, मग बोट धरून चालू लागली, मग मोळ्या बांधू लागली. जाणारे-येणारे लोक तिला वाकलेली पाहात आणि म्हणत, "जेबाले, नांबोझे!" ती मान वर न करता म्हणे, "तुम्हीही जेबाले. येताना एक मोळी आणा."

काही लोक आणीत. बरेचसे आणीत नसत. बाईने जीव दिला आहे, आता आपल्याला काय करायचे, असे त्यांना वाटे. मुत्याबाचा ढोल वाजला तरच ते खाली उतरत, आणि तेही कुरकुरत.

मग एका वर्षी असा पाऊस आला, की म्हाताऱ्यांनीही तसा पाहिला नव्हता. पाणी भरावाच्या काठाला लागले. नांबोझे आणि सेंटोंगो ओंडके आवळीत होते. तोच बुटेगावरून हाक आली. एक बाई अडली होती. कोणीतरी ओरडून सांगत होते, "नांबोझे, वर ये! मूल आडवं आलंय, आमच्यानं होत नाही!"

नांबोझेच्या हातातला दोर गळून पडला. तीच टेकडी आणि तशीच हाक. यावेळी वाटही होती. चढून गेले की झाले. पण तिने शब्द दिला होता. शब्दासाठी एका बाईला मरू द्यायचे, की बाईसाठी शब्द मोडायचा?

ती बुटेगाकडे तोंड करून, छातीचा भाता फुटेल एवढ्या जोराने ओरडली, "मला वर येता येत नाही! तिला खाली आणा! माझ्याकडे आणा!"

लोकांनी त्या बाईला झोळीत घातले आणि घसरत, पडत खाली आणले. झोपडीत नांबोझेने दार लावून घेतले. बाहेर पाणी चढत होते. भराव हलू लागला. आता तो सांभाळायला सेंटोंगो आणि लहानगी नात एवढेच उरले होते. सेंटोंगो नाकिबिराकडे पाहून ओरडला, "तिचे हात आज रिकामे नाहीत! हात द्या!"

ढोल वाजला नाही. मुत्याबाने माणूस पाठवला नाही. तरी नाकिबिरा रिकामी झाली आणि बुटेगाही. पुरुष छातीभर पाण्यात भरावाला खांदे लावून उभे राहिले. बायकांनी घरांची कुडे मोडून आणली. मुत्याबा स्वतः, अंगावरचे सालीचे वस्त्र कमरेला खोचून, मोळ्या वाहात होता, आणि त्याच्या शेजारी तो देवऋषी. एका ठिकाणी ओंडका निसटला तेव्हा तेथे माणसेच हातात हात गुंफून आडवी झाली, असे सांगतात. आत बाई कण्हत होती आणि बाहेर सगळे एका सुरात 'धरा, धरा' म्हणत होते.

मग झोपडीतून मुलाचे रडणे ऐकू आले. नांबोझे दार उघडून बाहेर आली. तिने पाण्यात उभी असलेली ती सगळी माणसे पाहिली, सरदार पाहिला, देवऋषी पाहिला. आजवर सगळे तिला जे म्हणत आले होते, ते त्या दिवशी ती त्यांना म्हणाली. "जेबाले," ती म्हणाली, "जेबाले सगळ्यांना." आणि मुलगी गेल्यापासून कधी न रडलेली ती बाई भरावावर बसून मोकळेपणी रडली.

भराव टिकला. त्यानंतर त्या वाटेसाठी ढोल वाजवावा लागला नाही. नातीचे लग्न ठरले तेव्हा आजी टेकडीवर येणार नाही म्हणून लग्नाची वऱ्हाडे भरावावर उतरली, आणि त्या दिवशी राजधानीकडे निघालेला प्रत्येक वाटसरू जेवूनच पुढे गेला. खूप म्हातारी होऊन नांबोझे गेली. तिची झोपडी होती त्या मध्यावर आले की लोक पुढेही तिला 'जेबाले' म्हणत राहिले. तिला भरावाच्या काठावरच पुरले आणि तेथे मुटुबाचे झाड लावले. ते आपल्या वडाच्या कुळातले झाड. त्याच्या सालीचे वस्त्र करतात.

येथपर्यंत सांगून सालोंगो चहाचा घोट घेतात. पुढचे त्यांनी स्वतः पाहिले आहे.

भरावावर पुढे मुरूम पडला, मग डांबर आले. शहर वाढले, पण वाट तेवढीच राहिली. सकाळी गाड्यांची रांग लागली की नाकिबिराहून बुटेगाला पोचेपर्यंत उन्हे चढत. पावसात खड्ड्यांची तळी होत. बुटेगावर मोठा दवाखाना झाला होता, आणि रुग्णवाहिका भोंगा वाजवीत रांगेत उभ्या असत. सालोंगो म्हणतात, "तो भोंगा ऐकला की मला नांटोंगोची हाक आठवायची. जवळ आहे, ऐकू येतंय, आणि पोचता येत नाही."

शेवटी चौपदरी रस्ता मंजूर झाला. आखणी करायला अकेलो नावाची इंजिनिअर बाई आली. मुटुबाचे झाड नेमके रस्त्यात येत होते. तिने गावकऱ्यांची सभा बोलावली आणि म्हणाली, "हे झाड तुमचं दैवत आहे, मला कळतं. झाडापाशी रस्ता अरुंद करून वळवता येईल. मी तसाही आराखडा काढलाय." लोक खूश झाले. तेव्हा नाबाटांझी नावाची म्हातारी काठी टेकत उठली. ती नांबोझेच्या नातीच्या वंशातली.

"बाळ, रस्ता तिथं अरुंद झाला तर गाड्या अडतील का?" तिने विचारले.

"थोड्या अडतील, जाजा," अकेलो म्हणाली. आजीला तिकडे जाजा म्हणतात.

"दवाखान्याच्या गाड्याही?"

"हो, त्याही."

"मग सरळ ने," नाबाटांझी म्हणाली. "रस्त्यासाठी जीव दिलेली बाई रस्ता अडवून बसेल होय?"

 कोणी विरोध केला नाही. झाड पाडायच्या दिवशी पहिला घाव नाबाटांझीने घातला. मुटुबाची फांदी तोडून रोवली की ती रुजते. अकेलोने आठवडाभर काम थांबवले आणि गावाने त्या एका झाडाच्या शेकडो फांद्या करून नव्या रस्त्याच्या दोन्ही कडांना रोवल्या. त्यांतल्या बहुतेक जगल्या. आज नाकिबिरापासून बुटेगापर्यंत सगळी सावली तिची आहे.

रस्ता खुला झाला तेव्हा पुढाऱ्यांची भाषणे झाली, फीत कापली गेली. पण त्यावरून पहिली गाडी कोणाची जावी हे लोकांनी आधीच ठरवले होते. नाकिबिराची एक दिवस भरलेली बाई दवाखान्याच्या गाडीतून गेली. टेकडी उतरून टेकडी चढायला तिला जेमतेम चहा निवण्याइतका वेळ लागला.

आजही पावसाळा जवळ आला की दोन्ही टेकड्यांवरची माणसे एका सकाळी फावडी आणि टोपल्या घेऊन खाली उतरतात. नगरपालिकेचे कामगार आहेत, यंत्रे आहेत. तरी बँकेतले कारकून, शाळेच्या बाई, बोडाबोडावाले, सगळे गटारात उतरतात आणि साचलेला गाळ उपसतात. त्या सकाळी कोणाला बोलावणे जात नाही.