नाही म्हणणारा नंदीबैल

त्या मुलखात तहान ज्याची त्याची असे, पण पाण्याला जाणारे पाय दुसऱ्याचेच असत. पाय तरी कसले, पंख. हत्तीपासून घुशीपर्यंत ज्याने त्याने राघू पाळले होते. धनी सावलीत लोळत आणि राघू त्यांच्या नावाने मुलूखभर मागत फिरत. राघूला तहान नव्हती, झोप नव्हती, आणि लाज तर अंड्यातच राहून गेली होती.

जिवंत झरा सगळ्या मुलखात एकच. त्याला दगडी दार, दाराला अडसर, आणि अडसर राखायला सगुणा नावाची म्हातारी घोरपड. तिची पकड अशी, की एकदा धरले म्हणजे धरले. झऱ्याचा नेम जुना होता आणि सोपा होता. ज्याला तहान, त्याने स्वतः यावे आणि जीभ दाखवावी. सगुणा म्हणायची, "आ कर." जीभ कोरडी दिसली की अडसर वर. ओली दिसली की मान आडवी.

पूर्वी दिवसाला दहा-वीस जिभा बघून तिचे भागे. राघू आले आणि दारात जत्रा भरली. मावशी, पाया पडतो, आमच्या रेडेसाहेबांना घोटभरच हवंय, असे म्हणत एकेक पुढे येई. नाही म्हटले की तोच राघू दारापुढच्या वडाला वळसा घालून परत, आणि आता घोटभराचे थेंबभर झालेले. थेंबालाही नाही म्हटले, तर पाणी नको, नुसते बघू द्या. एकाला तिने बघू दिले होते, एकदाच. दुसऱ्या दिवशी रेडेसाहेबांच्या डबक्यात बेडूक पोहू लागले.

या गर्दीत गिऱ्हाईक म्हणावे असे एकच, भिवरा टिटवी. तिच्यापाशी राघू नव्हता. राघू पाळायचा तर आधी लोळायला सावली लागते, आणि ती राहायची उघड्या माळावर, खडीत. तिथे तिचे अजून न उडणारे पिल्लू होते. भिवरा रोज दुपारी यायची, एक घोट घ्यायची, पोटाची पिसे पाण्यात चिंब भिजवायची आणि ती ओल घेऊन माळ गाठायची. पिल्लू ती पिसे चोखे. त्याचे पाणी ते एवढेच. सगुणा तिची जीभ बघे ती नेमापुरती.

नाही म्हणता म्हणता सगुणाची मान धरली. शेवटी ती गेनू सुताराकडे गेली. हा सुतारपक्षी आधी भोक पाडी आणि मग कशाला पाडले ते विचारी. त्याने तिला एक लाकडी नंदीबैल करून दिला. नंदीबैल होय होय करतो हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. गेनूचा उफराटा होता. त्याच्या पोटात वेळूची नळी होती. नळीला आवाज लागला की मान हले. आडवी हलली तर नकार, खाली वाकली तर मानेची दोरी अडसर उचले.

"राघूची खूण काय?" गेनूने विचारले.

"गोड बोलतो," सगुणा म्हणाली. "तहानलेल्याला इतकं गोड सुचत नाही."

"आणि डोळे? जीभ बघायला लागतील की."

"नकोत. माझे शिणले तेवढे पुरे झाले."

पहिले काही दिवस सुखाचे गेले. राघू गोड बोलत, बैल मान आडवी हलवी. भिवरा घशातून खरखरे, बैल वाकून दार उघडी. सगुणा वडाखाली झोपली, ती अशी की मुंग्यांनी तिला फांदी समजून रस्ता केला.

मग राघूंनी धूळ खाऊन आवाज बसवून घेतला. गेनू आला आणि त्याने बैलाच्या मानेत एक पाचर मारली. आता फार खरखरीत आवाजालाच मान वाके. राघूंनी खडी गिळली. गेनूने दुसरी पाचर मारली. राघूंनी बोलणेच सोडले आणि नुसता उंबरा ठोकू लागले. गेनूने तिसरी मारली, चांगली दणकून. तेव्हापासून बैलाची मान आडवीच तेवढी हलत राहिली. बैल कसा काम करतो, म्हणून सगळ्यांनी गेनूचे कौतुक केले.

चौथ्या दुपारी भिवरा वडाखाली येऊन उभी राहिली. पोटाची पिसे कोरडी, वाऱ्याने विस्कटलेली.

"मावशी, चार दिवस येतेय," ती म्हणाली. "खाकरून झालं, उंबरा वाजवून झाला. आज पिल्लू ओरडत पण नाही."

सगुणा सवयीने म्हणाली, "आ कर." भिवराने चोच उघडली. सगुणाने एकदा पाहिले आणि गेनूला बोलावून पाचर काढायला सांगितले.

"मी ठोकायला शिकलोय मावशी," गेनू म्हणाला. "उपटायला नाही."

अडसर आता बैलाच्या दोरीवाचून हलत नव्हता, म्हणून ती म्हातारी खरवडत बैलावर चढली. मानेला तोंडाने धरले आणि सगळे अंग टाकून मान खाली ओढू लागली. दोरी ताणली. अडसर बोटभर उचलला.

दारात राघूंची रांग होतीच. पुढच्याने उंबरा ठोकला. मान आडवी गेली, सगुणाला घेऊन गेली, आणि अडसर परत खाली बसला. दुसऱ्याने ठोकला, मान परत फिरली. घोरपडीची पकड, सोडायला तिला येतच नव्हते.

लांबच्या राघूंनी ते पाहिले आणि आपापल्या धन्याला जाऊन सांगितले, की आज मावशींनी जातीने नाही म्हटले.

भिवरा मात्र जवळ उभी होती. दाराआड पाणी वाजत होते. वर सगुणा झुलत होती, या बाजूहून त्या बाजूला आणि त्या बाजूहून या बाजूला, आणि दर खेपेला तिची नजर भिवराला ओलांडून जात होती.