दुमडलेला कोपरा

"पण माझं चुकलं कुठं, ते तरी सांगाल का?"

समिधाने पुन्हा तेच विचारलं. या वेळी आवाज चढला होता.

नलूताई वर्तमानपत्राची घडी घालत राहिल्या.

दुपारचं वाचनालय बंद झालं होतं. आत दोघीच होत्या. नलूताई बिवलकर म्हणजे इथल्या जुन्या ग्रंथपाल. नोकरी संपली, पण ते पायांना कोण सांगणार? रोज येऊन बसायच्या. समिधा नवी. पुण्याहून ग्रंथालयशास्त्र शिकून आलेली, पहिलीच नोकरी. दहावी-अकरावीच्या वयाची मुलं वाचनालयाकडे फिरकत नाहीत, म्हणून संचालक मंडळाने त्यांच्यासाठी वेगळा कुमार विभाग काढला आणि तो हिच्या हाती दिला.

हिने त्याचं रूप पालटलं. भिंतींना रंग आले, जमिनीवर बसायला बीनबॅगची गुबगुबीत पोती आली, दाराशी फोटो काढायची चौकट आली. गावातल्या जुन्या सभासदांनी नाकं मुरडली. तिने मुरडू दिली.

आणि मुलं आली. हे कुणालाच नाकारता आलं नसतं.

त्या मुलांत तेजल होती.

"ताई, काहीतरी बोला ना."

"काय बोलू? या पोत्यावर बसवलंस मला. आधी उठायचं कसं, ते सांग."

समिधाला हसू आलं नाही. एरवी आलं असतं.

"ती घरी न सांगता येते, हे मला कसं कळणार होतं? कपाळावर लिहिलं होतं का तिच्या?"

"नव्हतं लिहिलं."

"मग?"

...

तेजल सोळा वर्षांची. दहावी झाली आणि बापाने शाळा बंद केली. घरातून निघताना ती शिवणक्लासचं नाव सांगायची आणि इथे येऊन कोपऱ्यात वाचत बसायची. कुणाशी बोलायची नाही. बंद व्हायची वेळ झाली की उठायची, पुस्तक ठेवायची, निघून जायची.

समिधाला ती फार आवडली. आवडली म्हणूनच सगळं घडलं. तिने तेजलला 'या महिन्याची वाचक' म्हणून निवडलं, चौकटीत उभं केलं, फोटो काढला आणि वाचनालयाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला. खाली टाळ्यांचा पाऊस पडला.

तेजलच्या चुलत्याने तो फोटो न्हाव्याच्या दुकानात बसल्या बसल्या कुणाच्या तरी फोनवर पाहिला.

दुसऱ्या दिवसापासून तेजल आली नाही.

"मी तिच्या घरी गेले होते," समिधा म्हणाली. "आईने दार अर्धंच उघडलं. म्हणाली, 'बाई, ती न्हाई हितं. मामाकडं धाडलिया. आता पुन्यांदा नगा येऊ, तुमच्या पाया पडते.' आणि खरंच वाकली हो ती माझ्या पायाशी! माझ्या आईच्या वयाची बाई!"

नलूताईंनी मान खाली घातली.

"शेजारीण म्हणाली, तिकडं तिचं लग्न ठरवतायत. मी तक्रारसुद्धा केली. मुलीचं लग्न लावतायत, अजून सज्ञान नाही, वाचवा म्हणून. मामाच्या गावी पोलीस गेले. घरच्यांनी त्यांना चहा पाजला. पोरगी सुट्टीला आलीय म्हणाले, लग्नाचं कुठं काय... झालं. आले परत."

"पुन्हा कर तक्रार."

"करणारच आहे. तुम्ही सांगायची वाट बघत नाहीये मी." समिधाचा तोल सुटला. "तुम्ही मात्र आयुष्यभर इथं गप्प बसून राहिलात! फोटो नाही, बक्षीस नाही, कुणाची साधी चौकशी नाही. त्या गप्प बसण्यानं किती मुलींची लग्नं थांबली, ताई?"

"एकीचंही नाही."

समिधाला वाटलं होतं, त्या रागावतील. निदान स्वतःची बाजू मांडतील. म्हातारी माणसं मांडतातच. पण नलूताईंनी तेवढंच सांगितलं, आणि भांडायला आलेल्या समिधाच्या हातात भांडण उरलं नाही.

"मी सोमवारी राजीनामा देतेय," ती हळू आवाजात म्हणाली. "मला नाही जमणार हे. मी ज्या मुलीला हात लावला, ती बुडाली."

...

बाहेर रसवंतीच्या चरकाचे घुंगरू वाजत होते. नलूताईंनी वर्तमानपत्राची घडी बाजूला ठेवली.

"फोटोत तिच्या हातात कुठलं पुस्तक होतं?" त्यांनी विचारलं.

"ते होय... नवं आलेलं. रंगीत कव्हरचं."

"ते वाचत होती?"



"नाही," ती म्हणाली. "तिच्याकडे दुसरं होतं. जुनं, कव्हर फाटलेलं. फोटोत बरं दिसलं नसतं म्हणून मी ते फोटोपुरतं काढून घेतलं आणि नवं हातात दिलं."

"कुठलं होतं ते?"

"मी... बघितलं नाही."

हे सांगताना तिचे कान तापले. एवढे दिवस मुलगी समोर बसत होती. ती किती वेळ बसते, कुठे बसते, सगळं समिधाला ठाऊक होतं. ती काय वाचते, हे मात्र तिने एकदाही पाहिलं नव्हतं.

"शोध," नलूताई म्हणाल्या.

समिधाने टेबल पाहिलं, कथा-कादंबऱ्यांचं कपाट पाहिलं, बांधणीला द्यायच्या पुस्तकांचा गठ्ठा उपसला. फाटक्या कव्हरची पुस्तकं पुष्कळ निघाली. यातलं तिचं कुठलं, हे कसं ओळखायचं?

"असं नाही सापडायचं," नलूताई म्हणाल्या. "मुलांना पुस्तक घरी नेता येत नसलं की ती काय करतात?"

"काय करतात?"

"लपवतात. उद्या आल्यावर दुसऱ्या कुणी नेलेलं नसावं म्हणून. जिथं कुणाचाच हात जात नाही, असं ठिकाण बघून."

समिधाने चौफेर नजर फिरवली. भिंतीच्या खालच्या कप्प्यात जुन्या सरकारी अहवालांचे बांधीव खंड उभे होते. आल्यापासून त्यांना कुणी हात लावलेला तिने पाहिला नव्हता. ती गुडघ्यांवर बसली आणि एक जाड खंड बाहेर ओढला.

मागे पोकळी होती. पोकळीत पुस्तकं होती.

एक नव्हे, बरीच. एक गणितातल्या कोड्यांचं. एक कवितांचं, उंदराने कुरतडलेलं. एकाची पानं पार पिवळी पडली होती.

"हे कुणाचं?"

"होता एक मुलगा. बापाबरोबर वीटभट्टीवर गेला."

"परत आला?"

 

सगळ्यात पुढे, धूळ न बसलेलं, कव्हर फाटलेलं एक पुस्तक होतं. समिधाने ते ओळखलं. दर्यावर्दींच्या सफरींचं होतं. घराबाहेर शिवणक्लासपुरती सुटणारी मुलगी समुद्र वाचत होती.

तिने पुस्तक उघडलं. शेवटाकडच्या एका पानाचा कोपरा दुमडलेला होता. पुढे थोडीच पानं राहिली होती.

समिधाचा अंगठा आपोआप त्या कोपऱ्यावर गेला. पानाचा कोपरा दुमडलेला दिसला की तो उलगडून सपाट करायचा, ही ग्रंथपालाच्या बोटांची सवयच असते. मुलांनाही ती हेच शिकवत आली होती.

नलूताई पोत्यावरून कशा उठल्या, तिला कळलं नाही. त्यांचा हात तिच्या हातावर आला. सुरकुतलेला, थंड, पण पकड घट्ट.

"असू दे."

समिधाने अंगठ्याखाली पाहिलं. तेजल इथवर आली होती. ती इथवर आली होती, हे सांगणारं या सगळ्या इमारतीत दुसरं काहीच नव्हतं. आणि आत्ता ते आपल्या हातून सपाट होणार होतं.

मग तिला रडू आलं. पोलीस चौकीत आलं नव्हतं, तेजलच्या दारातही आलं नव्हतं. इथे फरशीवर, अहवालांच्या खंडांत बसून ती हमसून हमसून रडली. नलूताईंनी तिच्या पाठीवरून हात फिरवला नाही. उगी म्हणाल्या नाहीत. नुसत्या शेजारी बसून राहिल्या.

...

बऱ्याच वेळाने समिधाने ओढणीने नाक पुसलं.

"ताई, मी हे तिच्या मामाच्या गावी पोचवू?"

"कुणाच्या हाती पडेल?"



नलूताईंनी पुस्तक तिच्या हातून घेतलं. मिटलं. पुन्हा त्या पोकळीत, बाकीच्यांच्या पुढे ठेवलं.

"ती नाही येणार, ताई."

"नाही येणार."

"मग ते इथं कशाला ठेवायचं?"

नलूताईंनी जाड खंड दोन्ही हातांनी रेटून जागेवर बसवला. पदर झटकला. कपाटाला धरून कशाबशा उभ्या राहिल्या.

"धूळ पुसताना," त्या म्हणाल्या, "हा कप्पा सोडत जा."