मांडणीला विचारावं लागत नाही

भांडी बोलायची आणि माणसं निमूट ऐकून घ्यायची, त्या काळी एका स्वयंपाकघरात लाकडी मांडणी होती. तिचा तोरा मोठा. कुणाचं काम काय, हे ती कधी विचारायची नाही. एकदा बघायची आणि ओळखायची. झाऱ्याने तळण काढलं, झारा तळणाचा. पळीने आमटी वाढली, पळी आमटीची. ती कधी चुकली नव्हती, कारण घरात प्रत्येकाला एकच काम होतं.

एके दिवशी शेजारहून उसनी सांडशी आली. आल्या आल्या तिने डाळीचं पातेलं उतरवलं. “डाळवाली,” असं ठरवून मांडणीने तिला आपल्या खुंटीला अडकवलं.

तेवढ्यात चुलीवरचं दूध वर आलं. सांडशी धावायला निघाली, पण मांडणी तिला खुंटीवरून सोडेना.

“तू डाळवाली. दुधाशी तुझा काय संबंध?”

“अहो मांडणीबाई, मी कुठलंही गरम भांडं उचलते!”

“डाळीची की दुधाची, एक काय ते सांग. दोन्हीची म्हणजे गफलत आहे.”

“मग मला आधी विचारायचं होतंत.”

“विचारायचं, तर माझी हुशारी काय चुलीत घालू?”

चुलीत दूध गेलं.

दुपारी मांडणीला डुलकी लागली, तेव्हा विळीने आपल्या टोकाने तिच्याच फळीवर, सांडशीच्या खुंटीखाली कोरलं: ‘कुठलंही गरम भांडं.’

दुसऱ्या दिवशी दूध वर येताच मांडणीने ते वाचलं आणि सांडशीला झटकन सोडलं. दूध वाचलं.

“बघितलंस?” मांडणी ऐटीत विळीला म्हणाली. “आजही विचारावं लागलं नाही.”