बोंबीचं टेंब

खाडीच्या तोंडाशी ती बुटकी, बोडकी टेकडी दिसते ना, तिला बोंबीचं टेंब म्हणतात. फोटो खुशाल काढा, पण हसू नका. खाडीतल्या पाण्याचा ठेका कुणीही घेतला, की गावच्या बायका त्या टेंबावर चढतात आणि तोंडावर हात मारून त्याच्या नावानं बोंब ठोकतात. ठेकेदारानं ती खाली पाण्यात उभं राहून ऐकायची. नव्या माणसाला हा शिमगा वाटतो. शिमगा नव्हे तो.

ही रीत पडली तेव्हा इथे खोताचा अंमल होता, असं सांगतात. टेंबाखालच्या उथळ पाण्यात गवत वाढतं, लांब हिरव्या पातीचं, खाऱ्या पाण्यातलं. कोळंबीची पिल्लं, माशांची अंडी त्याच्याच आडोशाला. आमच्या गाबतिणी, म्हणजे मासेमारांच्या घरच्या बायका, कालवं काढायला जाताना त्या गवतावर पाय देत नसत. खोतानं सगळी खाडी एका परक्या व्यापाऱ्याला मक्त्यानं दिली. त्याला कुडाचे कोंडवाडे घालून मासे पोसायचे होते. पोस की बाबा! पलीकडे वाळूचा तळ होता, खोल पाणी होतं, गावाची ना नव्हती. पण टेंबाखालचं पाणी शांत, राखणीला सोपं. त्यानं तिथेच खुंट ठोकले आणि गवत आड येतं म्हणून दाताळी घालून ते ओरबाडायला लावलं. किनाऱ्यावर गवताचे ढीग कुजले. त्यात बोटभर पिल्लं तडफडून मेली.

गावात देवकू नावाची गाबतीण होती. ती खोताच्या अंगणात जाऊन उभी राहिली.

"खोतानू, पाळणो मोडून पोर वाढता काय? कोंडवाडे पलीकडे घालूक सांगा."

खोत झोपाळ्यावरून उतरलासुद्धा नाही. म्हणाला, "गवतासाठी रडतंस? भारो बांधून घेऊन जा, गुरांक घाल."

खाडी गढूळ झाली. जाळी रिकामी येऊ लागली. पोटासाठी होड्या वाऱ्यापावसाची पर्वा न करता खाडीबाहेर दूर जाऊ लागल्या. त्यातल्याच एका होडीवर देवकूचा नवरा सोमा होता. होडी आली नाही. खोतानं माणूस पाठवून विचारपूस केली, ती सोमाची नव्हे, खुंट शाबूत आहेत का याची.

गवताचा शेवटचा पट्टा उपटायला माणसं उतरली, तेव्हा देवकू त्या पट्ट्यात जाऊन उभी राहिली, असं म्हणतात. वाकून तिनं दोन्ही मुठींत गवत धरलं.

"आदी माका उपटा, मगे गवत."

भरती लागली होती. दाताळीवाले आपल्याच किनाऱ्याचे. त्यांतला एक म्हणाला, "वयनी, पाणी चढता हा. भायर ये." ती हलली नाही. काठावरून खोत ओरडला, "थांबलात कित्याक? ओढा!"

तेव्हा टेंबावर जमलेल्या बायकांनी बोंब ठोकली. खोताच्या नावानं, त्याच्या सात पिढ्यांच्या नावानं. दाताळीवाल्यांनी दाताळी पाण्यात टाकली आणि ते देवकूकडे धावले. चौघांनी मिळून ओढलं, पण म्हणे तिच्या मुठी सुटेनात आणि गवतही मुळासकट येईना. पाणी डोक्यावरून गेलं. ओहोटीला पाहिलं तर देवकू नव्हती. गवत मात्र तसंच उभं होतं.

बायका टेंबावरून उतरल्या नाहीत. चूल नाही, पाणी नाही, नुसती बोंब. कोंडवाड्यातले मासे पोटं वर करून तरंगले, तेव्हा व्यापारी पळाला. खोत उरला. शेवटी तो पाण्यात उतरला आणि त्यानं स्वतःच्या हातांनी एकेक खुंट उपटला. त्या पाण्यात उभं राहूनच त्यानं शब्द दिला: मासे, कालवं काय पोसायचं ते पलीकडे, वाळूवर. गवतात खुंट नाही, नांगर नाही, दाताळं नाही. बायका म्हणाल्या, तुझा शब्द आम्ही ऐकला, आता तू आमचा ऐक. आणि त्यांनी पुन्हा बोंब ठोकली.

आजही पलीकडे कालवांच्या दोऱ्या लटकतात, त्यावर कितीतरी घरं चालतात. ठेका कागदावर मिळतो, पण या बोंबेवाचून कुणाची होडी पाण्यात सुटत नाही. गेल्या खेपेला एकजण गाडीतून उतरला, पाण्यात उभा राहिला आणि कानांत बोटं घातली. बायका गप्प झाल्या. त्यानं बोटं काढेपर्यंत थांबल्या, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू झाल्या.