निम्म्या भावाचा नाका

राजे कर्णराजांनी आमटीचा भुरका मारला आणि तोंड वाकडं केलं.

"मीठ कुठाय?"

"रांगेत आहे, महाराज," आचारी म्हणाला.

आता याला कारण खुद्द राजेच. मागे शेजारच्या राज्याचा एक हेर व्यापारी बनून आला, किल्लाभर फिरला आणि जाताना बुरुजांचा नकाशा काढून घेऊन गेला. तेव्हापासून राजांनी असा धसका घेतला की विचारू नका. घाटातल्या नाक्यावर हुकूम सुटला : परमुलखातून येणारी एकूण एक चीज उघडून बघा! शिपायांना काय, हुकूम तो हुकूम. त्यांनी तिळाची पोती ओतली, भोपळे चिरले, उशा उसवल्या. एका बहाद्दरानं तर कोंबडी उलटी धरून झटकून पाहिली. रांग घाट उतरून पार पलीकडच्या नदीपर्यंत गेली.

नाक्याच्या अलीकडे हौसा तांबोळणीचं पानाचं दुकान होतं. तिची पानं पलीकडून यायची, ती रांगेतच पिवळी पडायला लागली. नवरा गेल्यापासून तिची चूल या दुकानावरच पेटत होती. सडक्या पानांची टोपली उचलून ती तडक दरबारात गेली.

"महाराज, हेर सापडला का?"

"अजून नाही."

"मग हेर राहिला बाजूला, मेलो आम्हीच."

राजे होते हट्टी. भडकलेच. "एवढी अक्कल आहे ना तुला? मग उद्या नाका तूच सांभाळ! एकही गोणी उघडायची नाही. रांग थांबवायची नाही. माझा एक माणूस व्यापारी बनून त्या रांगेत घुसेल, त्याला तेवढं पकडायचं. तो आत शिरला, तर तुझं दुकान उचलून सीमेपलीकडे!"

"आणि पकडला तर?"

"आधी पकड, मग बोलू."

दुसऱ्या दिवशी उजाडताच हौसा नाक्यावर पाट टाकून बसली. शेजारी धोंडजी हवालदार आपले शिपाई घेऊन उभा. रांग हलली. पहिला आला मिठाचा बैलवाला.

"काय हो, पायलीला काय घ्याल?" हौसानं विचारलं.

"तीन आणे."

"दीड आण्याला द्या."

"दीड आण्यात समुद्राचा वारा मिळतो, बाई!" असं म्हणत तो चालत चालत आत गेला.

मागून कुंभारीण आली. मडक्याचा भाव हौसानं निम्म्यावर आणला, तशी ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, "बया गं! त्यापेक्षा हे मडकं माझ्याच डोक्यात फोड की!" तीही आत गेली. तेल्यानं आधी घाण्याची शपथ घेतली, मग बैलाची, मग बायकोची. तो तर बाजारात पोचूनही परत आला, आणि "या भावात तुला भेसळीचंही कुणी देणार नाही" एवढं सांगून पुन्हा गेला. कुणी हसत गेलं, कुणी शिव्या देत, पण सगळे चालत होते. रांग अशी भराभर सरकताना पाहून नाक्यावरचं कुत्रंसुद्धा बावचळलं.

धोंडजीला मात्र राहवेना. "बाई, हेर शोधायचा सोडून घरचा बाजार काय करतेस? दुकान जाणार आहे तुझं."

"तुम्ही पान खा," हौसा म्हणाली.

दिवस कलला. रांगेचं शेपूट दिसायला लागलं. खरं सांगायचं तर हौसाही आता वळून वळून आपल्या दुकानाकडे बघत होती. दुकान गेलं तर जायचं कुठं?

तेवढ्यात डोक्यावर घोंगड्यांचा भारा घेतलेला एक गडी आला. पाय धुळीनं माखलेले, मुंडासं फाटकं, हातात काठी.

"राम राम, दादा. घोंगडी केवढ्याला?"

"चार रुपये."

"दोनला देता?"

"घ्या, बाई."

हौसा ताडकन उठली. "हवालदार, धरा याला!"

धोंडजीनं गड्याची मान पकडली. झटापटीत मुंडासं सुटलं, आणि खाली राजे कर्णराज! धोंडजीनं मान सोडली आणि पाय धरले.

"ते राहू दे," राजे मान चोळत म्हणाले. "घोंगड्या खऱ्या, धूळ खरी. रात्रभर धनगराकडून बोली घोकली. मग चुकलो कुठं?"

"महाराज, ज्यानं मेंढरं राखली, लोकर कातरली आणि एवढा भारा घेऊन घाट चढला, तो निम्मा भाव ऐकून माझ्या सात पिढ्या काढील. ज्याला माल विकायचाय, तो भांडतो. ज्याला नुसतं आत शिरायचंय, तोच म्हणतो, 'घ्या, बाई!'"

 राजे असे हसत सुटले, की घोंगड्यांच्या भाऱ्यावर बसावं लागलं. "अगं, जन्मात कधी भाव केला नाही मी! आजपासून नाका तुझ्याकडे. आणि हा नाक्याशेजारचा मळा तुला बक्षीस. लाव तिथं पानवेली!"

"मळा विहिरीसकट ना, महाराज?"

"हो हो, घे, बा..." राजांनी जीभ चावली. हौसा हळूच हवालदाराकडे बघत होती.

"नाही! पुरी विहीर मुळीच नाही!" राजे गडबडीनं म्हणाले. "अर्धी!"

"अर्ध्या विहिरीत मोट कशी सोडू? मोटही लागेल."

"मोट? अगं, मग माझ्याकडे राहिलं काय?"

दिवस बुडेपर्यंत घासाघीस चालली. बाजार उरकून परतलेल्यांत तेली राजांच्या बाजूनं बोलला, कुंभारीण हौसाच्या. शेवटी ठरलं : विहीर पुरी, मोटही दिली, दोर मात्र हौसानं आपला आणायचा.

राजे गडाकडे निघाले ते खदाखदा हसतच. वाटेत भेटेल त्याला थांबवून सांगत होते, "पण दोर नाही दिला हं मी!"