बिनदाराचं घर

दार शोधताय होय? नका शोधू, पावण्यांनो. या घराला चौकट आहे, उंबरा आहे, दार मात्र नाही. चोर येत नाहीत का, असं येणारा प्रत्येक जण विचारतो. चोराला नेण्यासारखं आत आहे काय? आमची ठेव ती मागची राई, देवीची राखलेली झाडी.

पूर्वी म्हणे ही राई पार डोंगरमाथ्यापर्यंत होती. मग कोळसा पाडणारे आले, होड्यांसाठी सरळ खोडांचे सोट नेणारे आले, गावानंही हात धुऊन घेतले. डोंगर बोडका झाला, झरा आटला. तेव्हा साबाजी गावकारानं, म्हणजे गावाच्या मुख्य मानकऱ्यानं, ग्रामदेवी सातेरीपुढं नारळ ठेवून नेम घातला. राईतली वाळकी काटकीसुद्धा कुणी उचलायची नाही, उचलेल तो वाळीत. माणूस कडक आणि शब्दाचा पक्का. काही वर्षांनी झऱ्याला पुन्हा पाणी आलं, असं सांगतात.

पुढं एका श्रावणात गावातल्या आवडूचा नवरा पुनाजी वारला. गरिबाघरी सरपण ते किती, तेही भिजलेलं. राईत कातळाच्या आडोशाला ऐनाचं एक झाड पडून वाळलं होतं. तेवढं तरी द्या म्हणून ती साबाजीच्या पायाशी बसली. नेम म्हणजे नेम, असं म्हणून त्यानं तोंड फिरवलं. मग बाईनं घराचं दार उतरवलं, माळ्याच्या फळ्या काढल्या आणि नवऱ्याची चिता रचली. उरलेला पावसाळा तिनं दाराशी विणलेल्या झावळ्यांचा झाप लावून काढला. गाव नुसता बघत राहिला. खोटं कशाला बोलू, ते आमचेच पूर्वज.

पुढच्या पावसाळ्यात साबाजीची आई वारली. ओढ्याच्या पुरात त्याचं सगळं सरपण वाहून गेलेलं, पाऊस धरून बसलेला. जिनं लहानाचा मोठा केला तिला अग्नी द्यायला लाकूड मिळेना. शेवटी तो कुऱ्हाड घेऊन राईच्या तोंडाशी गेला. सगळा गाव मागं होता, पण मोठ्याला अडवणार कोण? आवडू तेवढी पुढं झाली. ओरडली नाही, शाप दिला नाही.

"गावकारांनू," ती म्हणाली, "तुमच्या घराक अजून दार आसा."

 साबाजी म्हणे कुऱ्हाड तिच्या पायाशी ठेवून या घरी आला आणि फणसाचं जाडजूड दार त्यानं स्वतःच्या हातानं उतरवलं. ते बघून घराघरातून एकेक लाकूड निघालं, कुणाची शिडी, कुणाचा जुना नांगर. म्हातारीला अग्नी मिळाला. पुनाजीच्या वेळी मी हेच करायला हवं होतं, असं म्हणून साबाजी सगळ्यांदेखत आवडूपुढं रडला. त्यानं पुन्हा दार बसवलं नाही.

आजही गावात कुणी गेलं की प्रत्येक घर न सांगता एक लाकूड आणून देतं, आणि राईची राखण या बिनदाराच्या घराकडेच असते. सध्या इथं मी राहतो. माझा लेक मुंबईहून आला की म्हणतो, बाबा, लोखंडी दार बसवू या. मी म्हणतो, खुशाल बसव, पण मग राई दुसऱ्याच्या हवाली कर. दर श्रावणात आवडूच्या घराण्यातली एक बाई इथं येते, रिकाम्या चौकटीवरून हात फिरवते, आणि दार नाही याची खात्री झाली, तरच राखणीचा नारळ माझ्या हातावर ठेवते.