मधलं लाकूड

"आणि जुनी लाकडां खंय गेली?" दाजी मेस्त्रींनी विचारलं.

"चुलीत, मेस्त्रीनू," सगुण हसून म्हणाला. "तुमच्या हातातली चाय तेंच्यारच झाली."

"सातय?"

"सा. एक ओलां होतां, पेटलां नाय. तुमी बसलास तां."

मेस्त्री बशीतला चहा पीत राहिले...

होडी सगुणच्या वडिलांची. पंचवीस वर्षांपूर्वी त्यांनी आणि मेस्त्रींनी मिळून बांधलेली, गावातली पहिली फायबरची होडी. वडील गेल्या माघात गेले. होडीतल्या फळ्या पायाखाली दबू लागल्या होत्या, कारण त्यांना आधार देणारी सात आडवी लाकडं कुजली होती. नारळी पौर्णिमेला होडी पाण्यात उतरवतो, आणि तीही एकट्याच्या हिमतीवर, असं सगुण गावभर सांगून बसला होता. गोव्यात होड्यांच्या मोठ्या कारखान्यात चार वर्षं काढलेला गडी. मेस्त्री त्याचे गुरू, पण त्यांना बोलावलं ते विचारायला नव्हे, दाखवायला.

"बगा, खाली कागद शिराचो नाय."

मेस्त्रींनी नव्या लाकडांखाली बोट फिरवलं. लाकडं खरंच चपखल बसली होती.

"भायर काढ," ते म्हणाले.

"कित्याक?"

"काढ."

लाकडं कायमची चिकटवणारं रेझिन ओतायचं अजून बाकी होतं, तेवढं नशीब. सगुणने तोंड वाकडं करत सातही बाहेर काढली. मेस्त्री उठले, बुडाखालचं ओलं लाकूड उचललं आणि होडीत त्याच्या जागी ठेवलं. दोन्ही टोकं टेकली. मधे मात्र दोन बोटं फट.

"कुजान वाकलां हा तां," सगुण म्हणाला.

मेस्त्री होडीखाली शिरले. होडी पुढे-मागे दोन ओंडक्यांवर उभी होती, पोटाखाली काहीच नव्हतं. त्यांनी तिथे ठोकळा सरकवला, वर पाचर लावली.

ठक... ठक... ठक...

फट एक बोट झाली. मग दोऱ्याएवढी. मग मिटली.

सगुणचा चेहरा पडला. सातही लाकडं एकदम काढली तेव्हाच तळ खाली बसला होता, आणि त्याने नवी लाकडं त्या बसलेल्या तळाच्या मापाने केली होती. आता त्यातलं एकही कामाचं नव्हतं.

त्याने जुन्या लाकडावर हात ठेवला. अंगठा आत रुतत होता. कडेला पेन्सिलीची अक्षरं होती. वरचं फायबर सोलताना घाईत त्याने ती पाहिलीच नव्हती. अक्षर वडिलांचं.

'मधलं. इथे सगुण बसणार.'

आणि तो बसायचा. गुडघे पोटाशी घेऊन, पाठीमागे इंजिनाशी वडील. दहा वर्षांचा होईपर्यंत ती जागा त्याने कुणाला दिली नव्हती. सगुणचे डोळे भरून आले. त्याने ते लपवले नाहीत.

"मेस्त्रीनू... बाकीच्या सा लाकडांर काय लिवलेलां?"

मेस्त्रींनी चुलीकडे पाहिलं. राख अजून कोमट होती.

"दुसरी लाकडां घेवन ये," ते म्हणाले. "आणि येताना पेन्सिल आण."